उल्कावर्षावाचे छायाचित्र: सौंदर्य आणि साक्ष



डिसेंबर अर्धा सरला की वृत्तपत्रांत आणि फोनच्या पडद्यावर एक छायाचित्र दरवर्षी येते. खाली एखाद्या डोंगराची किंवा ओसाड माळाची काळी कड, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश, आणि मिथुन राशीतल्या एका जागेपासून चहूकडे पसरलेल्या तीस-चाळीस प्रकाशरेषा. हे छायाचित्र बहुतेकांना आवडते. काहीजण ते पाहून त्याच रात्री गच्चीवर जातात, तासाभरात दोन-तीन उल्का पाहतात आणि फसवले गेल्याच्या भावनेने खाली येतात. दुसरे काहीजण जाणकार असतात. ते सांगतात की हे शंभर छायाचित्रे एकमेकांवर चढवून केलेले काम आहे, असे दृश्य कोणी कधी पाहिलेलेच नाही, म्हणून त्याला छायाचित्र म्हणू नये. मला आज या छायाचित्राची बाजू मांडायची आहे. माझे म्हणणे असे आहे की उल्कावर्षाव ही घटना मुळातच रात्रभर पसरलेली असते, आणि तिचे खरे चित्र रात्रभराच्या निरीक्षणातून जुळवलेलेच असणार. जुळवताना आकाशाची रचना सांभाळली असेल तर ते चित्र सुंदर आहे, आणि त्याचे सौंदर्य त्या सांभाळण्यातच आहे. ती रचना मोडली असेल तर रेषा कितीही झळाळल्या तरी ते चित्र फसलेले आहे.

प्रथम घटना नीट समजून घेऊ. मिथुन राशीतला उल्कावर्षाव 13-14 डिसेंबरच्या रात्री शिगेला पोहोचतो. त्याच्या नोंदी 1862 पासूनच्या आहेत. सूर्याभोवती एका लांबट कक्षेत बारीक कणांचा एक प्रवाह फिरत असतो आणि पृथ्वी दरवर्षी त्याच तारखांना त्या प्रवाहातून जाते. सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने हे कण वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचीच्या आसपास पेटून संपतात. त्यांतले बहुतेक वाळूच्या कणापासून खड्यापर्यंतच्या आकाराचे असतात. सगळे कण जवळजवळ समांतर रेषांत येतात. पण आपण खाली एका जागी उभे असतो, त्यामुळे दूरवर एकत्र येताना दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळांप्रमाणे त्या समांतर रेषाही मागे वाढवल्या तर आकाशात एका बिंदूपाशी मिळताना दिसतात. हाच उल्कावर्षावाचा उद्गमबिंदू. मिथुनच्या बाबतीत तो पुनर्वसु नक्षत्रातल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. उद्गमबिंदूजवळ दिसणारी उल्का आखूड असते, कारण ती जवळजवळ आपल्याच दिशेने येत असते. बिंदूपासून दूर दिसणारी उल्का लांब रेघ ओढते, कारण आपण तिला बाजूने पाहत असतो. म्हणजे उल्कावर्षावाला आकार आहे, आणि तो प्रत्येक उल्केची लांबी आणि दिशा ठरवतो.

हा आकार उघड्या डोळ्यांना मात्र एका वेळी दिसत नाही. वर्षावाची तीव्रता सांगताना मिथुनसाठी ताशी 120 ते 150 उल्का असा आकडा दिला जातो. तो आदर्श परिस्थितीचा आहे: उद्गमबिंदू थेट माथ्यावर, आकाश पूर्ण काळे आणि सारे आकाश नजरेत. प्रत्यक्षात चांगल्या गावाकडच्या आकाशातही त्याच्या निम्म्याने उल्का दिसल्या तरी समाधान मानावे. त्यातली प्रत्येक उल्का सेकंदाच्या आत संपते आणि पुढची येईपर्यंत मागच्या उल्केची नेमकी जागा स्मरणातून पुसट होते. डोळ्याला एकेक उल्का मिळते, वर्षाव मिळत नाही. वर्षाव मनात जुळवावा लागतो, आणि जुन्या निरीक्षकांनी तो ताऱ्यांच्या नकाशावर पेन्सिलीने रेघा काढूनच जुळवला. कॅमेरा तेच करतो, अधिक अचूकपणे.

कॅमेऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी, कारण छायाचित्र जुळवावे का लागते हे तिच्यातच दडलेले आहे. ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एकाच ठिकाणी साचत राहतो, म्हणून वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटतात. उल्का धावत असते. रुंद कोनाची लेन्स लावली तरी सेन्सरच्या एकेका ठिपक्यावर तिचा प्रकाश सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरताच पडतो. एक्स्पोजर वीस सेकंदांवरून दोन मिनिटांवर नेले तर उल्का तसूभरही उजळ होत नाही. उजळते ते फक्त मागचे आकाश, आणि उल्का त्यात बुडते. म्हणून छायाचित्रकार मोठ्या छिद्राची, रुंद कोनाची लेन्स लावून ट्रायपॉडवर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पंधरा ते तीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेत राहतो. शेकडो फ्रेम जमतात. बहुतेकांत नुसते तारे असतात, मोजक्यांत एखादी उल्का सापडते. त्या मोजक्या फ्रेम वेचणे आणि ताऱ्यांच्या खुणेवर त्या एकमेकींवर बसवणे, हे काम उरते. यालाच काही लोक बनावटगिरी म्हणतात.

त्यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी इतिहासाकडे वळतो, कारण उल्कावर्षावाचे चित्र जुळवून करण्याची पद्धत कॅमेऱ्याने आणलेली नाही. 12-13 नोव्हेंबर 1833 च्या रात्री उत्तर अमेरिकेवर सिंह राशीतल्या उल्कांचे वादळ झाले. येल कॉलेजात शिकवणाऱ्या डेनिसन ओल्मस्टेड यांनी वृत्तपत्रांतून आवाहन करून ठिकठिकाणच्या लोकांची निरीक्षणे मागवली आणि ती ताडून दाखवून दिले की उल्का सिंह राशीतल्या एका बिंदूपासून पसरत होत्या आणि रात्र सरली तसा तो बिंदू ताऱ्यांबरोबरच सरकला. तो ताऱ्यांबरोबर सरकला याचा अर्थ उल्का वातावरणातल्या हवामानाचा भाग नव्हत्या, त्या बाहेरून येत होत्या. उल्काशास्त्राचा पाया अशा जुळवलेल्या साक्षींवर घातला गेला. त्या वादळाचे आज सर्वांत प्रसिद्ध असलेले चित्र आहे 1889 चे. कार्ल यॉसलिन या स्विस चित्रकाराच्या चित्रावरून आडोल्फ फोल्मी यांनी ते कोरले. यॉसलिन 1842 साली जन्मले, म्हणजे त्यांनी ते वादळ पाहिलेले असणे शक्यच नव्हते. चित्र दुसऱ्यांच्या सांगण्यावरून रचलेले आहे. तरीही जगभर ते 1833 च्या रात्रीचे चित्र म्हणूनच छापले जाते आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही.

उल्केचे पहिले ज्ञात छायाचित्र 27 नोव्हेंबर 1885 रोजी प्राग येथे लाडिस्लाउस वाइनेक यांनी घेतले. त्या रात्री देवयानी तारकासमूहातून उल्कांचे वादळ बरसत होते. हे कण बिएला नावाच्या धूमकेतूचे होते. तो 1846 साली दोन तुकड्यांत फुटलेला दिसला, 1852 साली तुकडे परत आले आणि त्यानंतर कोणाला दिसले नाहीत. 1872 आणि 1885 च्या वादळांत पृथ्वीने पाहिला तो त्या मेलेल्या धूमकेतूचा धुरळा होता. देवयानीचा तो वर्षाव आता इतका क्षीण झाला आहे की सामान्य निरीक्षकाला तो जाणवतही नाही. वाइनेक यांच्या काचेवर उमटलेल्या एका छोट्याशा रेघेत दृश्य सौंदर्य फारसे नाही. पण ती रेघ जिची साक्ष देते ती घटना पुन्हा घडणार नाही, आणि हे कळल्यावर ती रेघ वेगळी दिसू लागते. छायाचित्राच्या सौंदर्यात साक्षीचा हा वाटा नेहमीच असतो, आणि तो वजा केला तर उल्कांच्या छायाचित्रात फार थोडे उरेल असे मला वाटते.

साक्ष किती दूर नेते याचा सर्वांत सुंदर पुरावा मिथुन वर्षावातच आहे. अमेरिकी खगोलज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 1936 पासून हार्वर्डच्या वतीने एकाच उल्केची दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. लेन्ससमोर एक फिरता पडदा ठेवलेला असे. तो सेकंदातून अनेक वेळा प्रकाश अडवी आणि उल्केची रेघ तुटक तुकड्यांत उमटे. दोन ठिकाणांवरून उंची आणि मार्ग, तुकड्यांच्या लांबीवरून वेग. वेग आणि दिशा कळली की कणाची सूर्याभोवतीची कक्षा काढता येते. मिथुनच्या कणांची कक्षा अशी निघाली की सगळे चकित झाले: सूर्याभोवती एक फेरी जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांत, आणि सूर्याच्या अगदी जवळून. त्या कक्षेत फिरणारा कोणताही धूमकेतू तेव्हा ठाऊक नव्हता. 1983 साली इरास या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांत एक लघुग्रह सापडला. त्याची कक्षा मिथुनच्या कणांच्या कक्षेशी जुळते हे व्हिपल यांनीच दाखवून दिले. आज तो 3200 फेथॉन या नावाने ओळखला जातो. तो दर 1.43 वर्षांनी सूर्याला फेरी घालतो आणि सूर्यापासून सुमारे 2 कोटी 10 लाख किलोमीटरपर्यंत, म्हणजे बुधाच्या कक्षेच्याही बऱ्याच आत जातो. तेव्हा छायाचित्रांनी आधी मुलांचा, म्हणजे कणांचा, रस्ता दाखवला आणि काही दशकांनी त्याच रस्त्यावर त्यांची आई, म्हणजे ते कण मागे सोडणारा फेथॉन, सापडली. ज्या रेषेत एवढे ज्ञान साठवलेले असते तिची दिशा केवळ सजावटीसाठी वाकडी करणे मला अपराध वाटतो.

आता पहिल्या आक्षेपाकडे येऊ: हे दृश्य कोणी पाहिले नाही. खरे आहे. पण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी झालेल्या पावसाची बेरीज पर्जन्यमापकात होते तेव्हा तेवढे पाणी एका क्षणी पडले नाही म्हणून आपण तो आकडा खोटा ठरवत नाही. मोजायची गोष्ट काळात पसरलेली असेल तर नोंदही पसरलेलीच होणार. मात्र हा युक्तिवाद इथेच थांबवला तर तो अप्रामाणिक होईल, कारण जुळवणीत एक खरीखुरी अडचण आहे आणि ती फार थोडे छायाचित्रकार बोलून दाखवतात. आकाश तासाला 15 अंश फिरते. रात्री नऊ वाजता मिथुन पूर्वेला खाली असते, मध्यरात्रीनंतर ती माथ्याकडे येते. नऊ वाजताची उल्का आणि दोन वाजताची उल्का एका चित्रात आणायच्या तर छायाचित्रकाराला ठरवावे लागते की कोणाशी इमान राखायचे, ताऱ्यांशी की जमिनीशी. तारे जुळवले तर सर्व उल्का उद्गमबिंदूपासून योग्य दिशेने पसरलेल्या दिसतात, पण एकच डोंगर सगळ्या रात्रीचा डोंगर होऊन बसतो. ज्या उल्केच्या वेळी त्या डोंगरामागे मिथुन लपलेली होती, तीही चित्रात डोंगरावर उंच चमकते. जमीन जुळवली तर प्रत्येक उल्का डोंगराच्या ज्या बाजूला प्रत्यक्ष दिसली तिथेच राहते, पण उद्गमबिंदू पुसला जातो आणि रेषा विस्कटलेल्या दिसतात. दोन्ही खरे एकाच चित्रात येत नाहीत. मी तारे जुळवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. उल्कावर्षाव आकाशाचा आहे, डोंगराचा नव्हे; चित्राचा विषय जो असेल त्याच्याशी इमान आधी राखावे. पण जमिनीशी तडजोड केली आहे हे सांगण्याचे दायित्व त्यासोबत येते, आणि ते टाळणाऱ्याने स्वतःच्याच चांगल्या कामाला डाग लावून घेतला असे मी म्हणेन.

याच कसोटीवर खरी बनावटगिरी ओळखता येते. काही चित्रांत उल्का पावसाच्या सरींसारख्या समांतर टाकलेल्या असतात, काहींत रिकामा कोपरा भरण्यासाठी एखादी उल्का फिरवून चिकटवलेली असते. उद्गमबिंदूच्या शेजारी लांबलचक रेघ दिसली किंवा रेषा मागे वाढवून मिथुनकडे परतत नसल्या, तर संशय घ्यावा. अर्थात एखाददुसरी रेघ परतली नाही म्हणून चित्र खोटे ठरत नाही. वर्षावाशी संबंध नसलेल्या तुरळक उल्का प्रत्येक रात्री पडतात, आणि 2019 पासून आकाशात झुंडीने सोडलेल्या उपग्रहांच्या रेघाही फ्रेममध्ये घुसतात. उपग्रहाची रेघ बहुधा एकसारख्या जाडीची असते आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये पुढे सरकत जाते. उल्का एकाच फ्रेममध्ये जन्मते आणि मरते, तिची दोन्ही टोके निमुळती असतात आणि मध्ये कुठेतरी ती अचानक भडकलेली दिसते. कोणी म्हणेल की हे सारे जाणकारांचे झाले. सामान्य प्रेक्षकाला सुंदर वाटले तर पुरे, उद्गमबिंदू त्याला कुठे ठाऊक असतो? मला हे पटत नाही. ज्याला तो शब्दही माहीत नाही त्यालाही खऱ्या चित्रात सगळ्या रेषा एका ठिकाणाहून निघाल्याचा ताण जाणवतो, आणि नजर नकळत त्या ठिकाणी परत जाते. चिकटवलेल्या चित्रात नजर भटकते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नसेल, पण रचना त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

रंगांवरही आक्षेप घेतला जातो. डोळ्यांना उल्का बहुधा पांढरट दिसते, छायाचित्रात ती हिरवी, पिवळी, लालसर असते. तेव्हा रंग भरलेला आहे असा तर्क होतो. खरे कारण आपल्या डोळ्यात आहे. अंधुक प्रकाशात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, आणि अर्ध्या सेकंदात त्यांच्याकडून जास्त अपेक्षाही करता येत नाही. सेन्सरला ही मर्यादा नाही. ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या ययाती तारकासमूहातल्या उल्का सेकंदाला 59 किलोमीटर वेगाने येतात. इतक्या वेगवान उल्का उंचावरच्या विरळ हवेतला ऑक्सिजन उजळवतात, आणि त्याच्या 557.7 नॅनोमीटरच्या प्रकाशामुळे रेघेची सुरुवात हिरवी दिसते. कणातले मॅग्नेशियमही हिरवट आणि सोडियम पिवळा प्रकाश देते. मिथुनच्या कणांच्या वर्णपटात सोडियम कमी आढळते आणि ते कणागणिक कमी-जास्त असते. सूर्याच्या इतक्या जवळून वारंवार गेल्याने ते उडून गेले असावे असे संशोधक मानतात. म्हणजे छायाचित्रातला रंग हा फेथॉनच्या कक्षेचाच एक पुरावा आहे. ज्यांनी आकाश जांभळे करून टाकायची हौस धरली आहे ते हा पुरावा पुसतात. संयम ठेवून प्रक्रिया केलेल्या चित्रातला फिकट हिरवा मला त्या भडक जांभळ्यापेक्षा कितीतरी पटींनी देखणा वाटतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. अशी छायाचित्रे लोकांची अपेक्षा इतकी वाढवतात की खरे आकाश त्यांना फिके वाटते. म्हणजे सौंदर्याच्या नावाखाली निरीक्षणाचेच नुकसान होते. यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. पण दोष छायाचित्राचा नसून त्याखालच्या रिकाम्या जागेचा आहे. शेकडो फ्रेम, सात तास आणि तारे जुळवलेले, एवढे तीन तपशील छापले असते तर वाचकाने गच्चीवर तासाभरात तीस-चाळीस रेषांची वाट पाहिली नसती. शिवाय डोळ्यांचे सुख वेगळ्या जातीचे आहे. अचानकपणा, उल्का सरकतानाची गती, पाहून झाल्यावर शेजाऱ्याला सांगण्याची घाई, हे छायाचित्र कधीच देऊ शकत नाही. वराहमिहिरांनी बृहत्संहितेत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार केले आणि त्यांची रूपे वर्णिली, ती याच अनुभवातून. छायाचित्राला डोळ्यांची जागा घ्यायची नाही. जे डोळ्यांना तुकड्यातुकड्याने मिळते त्याची रचना दाखवणे, एवढेच त्याचे काम.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळी निकड आहे. ऑगस्टमधल्या ययातीच्या वर्षावाची छायाचित्रे जगात भरपूर घेतली जातात, कारण युरोप-अमेरिकेत तेव्हा सुखद उन्हाळी रात्री असतात. 12-13 ऑगस्टला आपल्यावर पावसाळी ढग असतात. आपल्या वाट्याला येतो तो मिथुनचा वर्षाव, आणि तो उदारपणे येतो: डिसेंबरची कोरडी हवा, लांब रात्र, रात्री आठच्या आत वर आलेला उद्गमबिंदू आणि दोन-अडीचच्या सुमारास तो जवळजवळ माथ्यावर.  आपल्याकडे हौशी निरीक्षकांची परंपराही आहे; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालची आहे. कमी पडतो आहे तो अंधार. दर वर्षी आणखी एक डोंगर, आणखी एक महामार्ग उजेडात जातो, आणि उजळ आकाशात पहिल्या नाहीशा होतात त्या क्षीण उल्का, ज्या संख्येने सर्वांत जास्त असतात. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क ठरला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण अंधारासाठी राखीव जागा घोषित करावी लागणे हे बाकीच्या राज्याबद्दलही काही सांगते.

माझी विनंती दोन मंडळींना आहे. संपादकांना अशी की उल्कावर्षावाचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली ठिकाण, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती फ्रेम, आणि तारे जुळवले की जमीन, एवढी एक ओळ छापल्याशिवाय ते छापू नका. आणि जे तरुण छायाचित्रकार पुढच्या 13 डिसेंबरला सह्याद्रीवर किंवा मराठवाड्याच्या माळावर ट्रायपॉड लावतील त्यांना अशी की चंद्र कधी मावळतो ते आधी पंचांगात पाहा, घड्याळ सेकंदापर्यंत लावून घ्या, आणि चित्र तयार झाल्यावर मूळ फ्रेम पुसू नका. त्यांतल्या एखाद्या रेघेचा दुसऱ्या गावाहून घेतलेल्या रेघेशी मेळ बसला, तर त्या उल्केची उंची आणि मार्ग काढता येतो.